लेकीच्या हॉटेलातलं जेवण

माझी मुलगी पुण्यात एका मोठ्या हॉटेलात शेफ होती. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून ती त्या शिक्षणाला निघाली, तेव्हा मी शाळेत मास्तर होतो. मी म्हणालो, "स्वयंपाकीणच व्हायचं होतं तर तुझ्या आईनं घरीच शिकवलं असतं." धाराशिवात कुणी चौकशी केली, की "कंपनीत आहे" एवढंच सांगायचो.

दिवाळीला आली की ती म्हणायची, "आण्णा, एकदा जेवायला या की. तुम्ही नुसतं बसा, मी वाढते." मी काहीतरी कारण काढायचो. मागच्या भादव्यात चार दिवसांच्या तापानं ती गेली. एकोणतीस वर्षांची होती.

होळी झाल्यावर मी त्या हॉटेलात फोन लावला. किती जण, असं पलीकडून विचारलं. मी बायकोकडं बघितलं.

"तुमी जावा," ती म्हणाली. "माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

"एकटाच आहे. शाकाहारी," मी सांगितलं. मी कोण, ते काही बोललो नाही.

पहाटेच्या एसटीनं निघून दुपारी तिथं पोचलो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं जेवण. आपण काही मागवायचं नसतं. ते ठरवतील ते आठ पदार्थ एकामागून एक येतात, दोन-दोन घासांचे. आजूबाजूला सगळे जोडीनं, नाहीतर घोळक्यानं बसलेले. माझ्यासमोरची खुर्ची एकानं येऊन भिंतीला सरकवली, समोरचे काटे-चमचेही उचलून नेले.

हरभऱ्याचं मऊ वाटण आलं, भाजलेला फ्लॉवर आला, खारट चीज आलं. काही आवडलं, काही नुसतं गिळलं. मी वाट बघत होतो ती वांग्याची. एकदा ती आईला फोनवर सांगत होती, "आई, तिकडची माणसंबी वांगं जाळावरच भाजत्यात. म्या त्यात आपलं करडीचं तेल घातलं, तर मोठ्या शेफनी मेनूतच घेतलं!" मी तेव्हा पेपर वाचायचं सोंग करून सगळं ऐकलं होतं.

आठवी बशी आली. संत्र्याच्या रसातला रव्याचा केक होता.

"वांगं राहिलं का?" मी वाढणाऱ्याला विचारलं.

"सर, ते मागच्या सीझनला होतं. आमचा मेनू तीन महिन्यांनी बदलतो."

"ते माझ्या मुलीनं केलेलं होतं."

तो तसाच आत गेला. आतून चाळिशीच्या एक बाई ॲप्रनला हात पुसत आल्या. त्याच मोठ्या शेफ. भिंतीकडची खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या.

"काका, फोनवर सांगायचं होतं ना! थांबा, मी आत्ता करून आणते."

"नको," मी म्हणालो. "ती वाढायला होती तेव्हा मी आलो नाही. ती कुठं उभी राहायची, तेवढं दाखवा."

त्या मला आत घेऊन गेल्या. कोपऱ्यातल्या शेगडीशी एक मुलगी कोथिंबीर चिरत होती. बाईंनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. सुरी खाली ठेवून ती बाजूला झाली आणि मी तिच्या जागी उभा राहिलो. ओटा गरम होता.

"ती सगळ्यांना बजावायची," बाई म्हणाल्या, "माझे वडील आले, की पदार्थ सावकाश पाठवायचे. ते एकेक घास चावून चावून खातात."

आज मात्र मी भराभर जेवलो होतो. दहा माणसं आपापल्या कामात होती. मी ओट्याला धरून रडलो. कुणी मला थांबवलं नाही. मग त्या मुलीला म्हणालो, "बाळ, तुझं काम चालू दे," आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. बायको मेथी निवडत बसली होती. मी आठही पदार्थ सांगितले. जेवणाबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. हातातली जुडी तशीच धरून म्हणाली, "ती उभी राहायची तिथं खिडकी होती का वो?"

"नव्हती," मी म्हणालो.

"सारखं उकडतंय म्हणायची फोनवर," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि एक जुडी ओढून घेतली.