साउथहॅम्प्टनला बाबांची टीम बघायला

इंग्लंडला आलेल्या सासऱ्यांना काय बघायचं असतं? राणीचा राजवाडा, फार तर टॉवर ब्रिज. आमच्या बाबांनी लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घरात बॅग टेकवली आणि विचारलं, "मेघना, साउथहॅम्प्टन इथून किती लांब गं?"

बाबा तरुणपणी पुण्याच्या कारखान्यातून ट्रेनिंगसाठी वर्षभर उत्तर जर्मनीत होते. तिथल्या एका फुटबॉल क्लबवर त्यांचा जीव जडला तो कायमचा. ("नाव लिहू नकोस, त्यांना वाईट वाटेल," असं मला बजावलंय.) गेल्या सीझनला हा क्लब सपाटून हरत खालच्या लीगमध्ये गेला. नव्या सीझनच्या सरावासाठी तो साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या क्लबशी खेळणार, हे बाबांनी पुण्यातच इंटरनेटवर शोधून ठेवलं होतं. तीस वर्षांनी टीम प्रत्यक्ष दिसणार! नवऱ्याला त्या शनिवारीही ऑफिस, म्हणून ड्रायव्हर मी. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडूला हात लावायचा नाही.

तुम्ही जाणार असाल तर शनिवारी नऊलाच निघा. आम्ही अकराला निघालो आणि एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर असे अडकलो की मेथीचे पराठे तिथेच संपले. पुढचा एम-थ्री मोकळा. तिकीट दहा पौंड, पार्किंग शेजारच्या शाळेत फुकट. फक्त तिकिटं कुठली काढताय ते नीट बघा. मी काढली होती ती होम टीमच्या स्टँडची.

"बाबा, इथे सगळे त्यांचे लोक आहेत. ओरडायचं नाही हं."

"छे गं, मी काय लहान आहे?" म्हणत बाबांनी भर जुलैत गळ्यातला लाल-पांढरा मफलर सारखा केला. क्लबचे रंग!

लाल-पांढऱ्या शर्टातली टीम मैदानात आली आणि बाबा ताडकन उभे. "फोरव्हेर्ट्स!" म्हणजे जर्मनमध्ये 'पुढे चला'. मी डोळेच मिटले. पण शेजारचा अगडबंब टेरी खूश! त्याला ते 'फॉरवर्ड' वाटलं. दोन मिनिटांत अख्खी रांग बाबांच्या मागून ओरडायला लागली. एक गोल, दुसरा, हाफटाइमपर्यंत तिसरा! टेरीने बाबांपुढे चिप्स धरल्या. "युअर डॅड इज ब्रिलियंट!"

बाबांचे डोळे भरून आले. "पोरं सुधारली गं. या सीझनला वर येणार."

मी सहज टेरीच्या हातातलं माहितीपत्रक चाळलं आणि चिप घशातच अडकली. होम टीमचे रंगही लाल-पांढरेच होते. म्हणून पाहुणे हिरव्या शर्टात आले होते.

सांगू की नको? माणूस इतका आनंदात. पण आणखी पंचेचाळीस मिनिटं तो आपल्याच टीमविरुद्ध घसा फोडणार, हे मला बघवेना.

"बाबा, आपले हिरवे."

"काय?"

"लाल-पांढरे टेरीचे. आपले हिरवे."

बाबांनी मैदानाकडे बघितलं, मग हातातल्या चिप्सकडे. "म्हणजे तीन-शून्य..."

"हो."

त्यांनी मफलर काढला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"इज ही ऑल राइट, लव्ह?" टेरीने मला हळूच विचारलं. मी खरं काय ते सांगून टाकलं. तो हसून हसून लालबुंद झाला. बातमी रांगेच्या टोकापर्यंत गेली.

मॅच संपता संपता हिरव्यांच्या एका पोराच्या गुडघ्याला लागून चेंडू चक्क गोलमध्ये गेला. बाबा ओठ घट्ट मिटून बसलेले. ओरडायचं नाही असं ठरलं होतं ना! शेवटी टेरीनेच त्यांना दंडाला धरून उभं केलं. "गो ऑन, मेट!" मग बाबांनी जो आवाज लावला! आणि मागून अख्खी रांग, "फॉरवर्ड!" आपल्याच टीमवर गोल झाल्यावर टाळ्या पिटणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

संध्याकाळी घरी पोचलो तर नवरा दारातच उभा. "बाबा, कोण जिंकलं?"

बाबा शांतपणे बूट सोडत म्हणाले, "पहिल्या हाफमध्ये आपण तीन-शून्य. दुसऱ्यात आपण एक-शून्य. एकूण चार-शून्य."

क्लब काही त्या सीझनला वर आला नाही. बाबा पुण्याला परतले. मी मात्र आता रविवारी त्यांना फोन लावण्याआधी त्यांच्या क्लबचा निकाल बघते. हरले असतील तर टेरीच्या क्लबचाही बघून ठेवते. दोन्ही हरले असतील, तर त्या दिवशी आम्ही फक्त हवामानावर बोलतो.