बर्फाऐवजी फक्की

मला पहिल्यापासून एक खोड आहे. नवीन काही वाचलं की ते करून बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. डिंगोरे गावातल्या आमच्या घरी या खोडीपायी मी दोन रेडिओ आणि एक शिलाई मशीन कामातून घालवलं होतं. पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि एका इंजिनिअर साहेबांकडे नकाशे काढायला लागलो. तिथे मात्र ही खोड एका अख्ख्या वस्तीच्या मुळावर येता येता राहिली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावाला बाग हवी होती. सरपंच पुण्यातली एक बाग बघून आले होते, त्यामुळे कारंजं, सिमेंटचा हत्ती आणि चारी बाजूंनी भिंत हे ठरलेलंच होतं. नेमकं त्याच दिवसांत मला जुन्नरच्या रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्ककडच्या शहरांतल्या बागा होत्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचून काढलं. काय ती माणसं! बागेला भिंत नाही. मोठाले दगड जिथले तिथे. गवत गुडघाभर वाढू दिलेलं, आणि तेही मुद्दाम. बाकडी उन्हाकडे तोंड करून! आमच्याकडे असं बाकडं ठेवलं तर त्यावर फक्त कुरडया वाळतील.

पण एका फोटोपाशी मी अडकलो. सगळीकडे बर्फ आणि त्यात माणसांच्या पावलांची वाकडीतिकडी रेघ. खाली लिहिलं होतं, बर्फ पडला की आधी बघायचं माणसं कुठून चालतात, आणि मग तिथेच पायवाट बांधायची. मी ते तीनदा वाचलं. आपण नकाशावर पट्टीने रस्ता मारतो आणि वर पाटी लावतो, 'हिरवळीवर चालू नये'. हे लोक उलटंच करत होते, राव!

आमच्या बागेच्या जागेपलीकडे बौद्ध वस्ती होती आणि अलीकडे शाळा. वस्तीतली पोरं त्या जागेतूनच शाळेत यायची. जेसीबीने जमीन सपाट करून मुरूम दाबला, तेव्हा जुनी वाट पुसली गेली, तरी पोरं तिथूनच यायची. आता भिंत झाली की त्यांना हमरस्त्याच्या कडेने, उसाचे ट्रक चुकवत वळसा पडणार होता. मी हे साहेबांपाशी बोललो. सरपंच तिथेच बसले होते. ते म्हणाले, "तितनं आता कोन चालतंय? चांगला डांबरी रस्ता हाय की."

"बघू या ना," मी म्हणालो. बर्फ कुठून आणणार? पण कबड्डीचं मैदान आखायची फक्की होती. ती पांढरी भुकटी मी संध्याकाळी जागेच्या मधोमध, पोरांच्या वाटेला आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली पाच-सहा पावलं रुंद पसरली. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर साहेबांना आणि सरपंचांना घेऊन गेलो. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

फक्कीवर माणसाचं एक पाऊल नव्हतं. कुत्र्याची चार होती.

सरपंच पोट धरून हसले. "कुत्र्यासाठी दार ठेवायचं का, भाऊ?" साहेबांनी नकाशावरची भिंतीची रेघ ठळक केली. सोमवारी पाया खणायचा ठरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गप्प बसलो असतो तर निदान वाद तरी शिल्लक राहिला असता. मी तर पोरांच्या विरुद्ध पुरावाच तयार करून दिला.

पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. रोजची पोरं गेली कुठे? दुपारी वस्तीत गेलो. खरं सांगायचं तर तोवर त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. अंगणवाडीच्या मदतनीस मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सकाळी वस्तीतल्या साऱ्या पोरांना शाळेपर्यंत त्याच सोडायच्या. त्यांना फक्कीचं विचारलं.

"त्ये पांढरं तुमी टाकलं व्हय?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आमाला वाटलं मोजणीवालं आलं. मागं अशीच फक्की मारली व्हती, आन् आमच्या तीन घरांच्या पडव्या गेल्या. मीच पोरांना सांगितलं, पांढऱ्यात पाय घालायचा न्हाई. आज समदी रस्त्यानं नेली. लई ट्रक, बाबा. एकीला धरावं तर दुसरा पुढं पळतोय."

मला मान वर करवेना. "मावशी, मला फक्त बघायचं होतं, तुम्ही कुठून चालता ते."

"मंग इचारायचं की! आमाला काय तोंड न्हाई?"

लाज वाटली, फार लाज वाटली. सातासमुद्रापलीकडच्या माणसांची पावलं मी भिंग लावून बघत होतो आणि हाकेच्या अंतरावरच्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. मावशी मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उठल्या आणि त्या सपाट मुरमावरून मला वाट दाखवत निघाल्या. "हितं बाभळ व्हती, काटं लागायचं म्हून हिकडं वळायचं." बाभळ कधीच गेली होती, पण मावशी वळल्या. मी मागून चालत वाट कागदावर उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातापाया पडून साहेबांना आणि सरपंचांना परत तिथे आणलं. मावशी पोरांची रांग घेऊन आल्या. फक्कीपाशी रांग थांबली.

"चला," मावशी म्हणाल्या. एकही पोर हलेना. त्यांनीच तर बजावलं होतं. शेवटी त्यांनी आधी स्वतःचा पाय त्या पांढऱ्यात घातला. मग एकेक पोर त्यांच्या पावलावर पाऊल टाकत पलीकडे गेलं. शेवटची एक बारकी मुलगी मात्र काठावरच उभी राहिली. तिने सरपंचांकडे बघितलं.

"आजोबा, ह्यात पाय घातला तर आमचं घर पाडतील?"

साहेब उगाच नकाशा गुंडाळायला लागले. सरपंच धोतर सावरत फक्कीत उतरले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"न्हाई पाडत, बाय. वाट बी न्हाई बुजवत. चल, शाळा भरली."