चौकाचा मागचा रस्ता

पहिला दगड आमच्या जीपच्या बॉनेटवर पडला, तेव्हा मी डीवायएसपी साहेबांशी फोनवर बोलत होते.

"चौक सगळ्या बाजूंनी पॅक केला का?"

"केला, सर."

"मग जमाव डिस्पर्स करा. नाही ऐकलं तर लाठीचार्ज."

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होते. गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात. सकाळी बाजारात मोटारसायकलचा धक्का लागल्यावरून दोन गल्ल्यांतल्या पोरांची मारामारी झाली. सागर नावाच्या तरुणाचं डोकं फुटलं. त्याला धुळ्याला हलवलं. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर त्याचा रक्ताने माखलेला फोटो फिरायला लागला. खाली दोनच शब्द : सागर गेला.

तो गेला नव्हता. मी स्वतः डॉक्टरांशी बोलले होते. मेगाफोनवरून तसं सांगितलंही.

"पोलीस दाबताहेत!" मागून कोणीतरी ओरडलं. तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं.

जमावाला समोरच्या, मारणाऱ्या पोरांच्या गल्लीत घुसायचं होतं. मध्ये आम्ही मोजके पोलीस. एसआरपी, म्हणजे राखीव दलाची तुकडी, अजून रस्त्यात होती.

पुढच्या रांगेत आमच्या स्टेशनसमोरचे झेरॉक्सवाले दिसले. एरवी वाटेत दिसले की नमस्कार करणारा माणूस, आज हातात वीट. आमची नजरानजर झाली तशी त्यांनी वीट टाकून दिली. मागे वळायलाही बघितलं. पण वळता येईना. मागचे रेटत होते, मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, आणि त्यांच्याही मागे आमचेच बॅरिकेड होते. ज्याला घरी जायचं होतं, त्यालाही जागा नव्हती.

मी साहेबांना परत फोन लावला. "सर, मागचा रस्ता उघडते."

"अजून लोक आत येतील, मॅडम."

"येणाऱ्यांना अडवते, जाणाऱ्यांना सोडते. आत्ता लाठी चालवली तर हे पळणार कुठे? थेट समोरच्या गल्लीत."

"करा. पण जबाबदारी तुमची."

हवालदार खैरनारांना मी मागच्या बॅरिकेडकडे पाठवलं आणि सागरच्या वडिलांना फोन लावला. सगळे त्यांना नाना म्हणत. ते दवाखान्यात पोराजवळ बसले होते.

"नाना, हे लोक माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोला."

"काय बोलू? माझ्या पोराचं डोकं फोडणाऱ्यांना वाचवायला बोलू?"

"फोडणाऱ्यांना मी पकडते. पण त्या गल्लीत म्हाताऱ्या बाया आहेत, लेकरं आहेत. त्यांनी काय केलंय?"

नाना म्हणाले, "लावा माइकला."

"मी नाना बोली ऱ्हायनू. मना आंडोर जित्ता शे. बठ्ठा घर जा." पोरगा जिवंत आहे, सगळे घरी जा, असं ते अहिराणीत सांगत होते. मग ते नावं घ्यायला लागले. "ए भिका! ए पंढरी! तू शे ना तठे? वापस फिर!"

भिका कोण, मला माहीत नव्हतं. पण डावीकडे एकाने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. शेजारचे त्याच्याकडे बघायला लागले. नाव घेतलं की माणूस जमावातून वेगळा निघतो. तेवढ्यात मागचा रस्ता उघडला आणि गर्दी शेपटाकडून सुटत गेली. रेटा कमी झाला, तसे पुढचेही वळले.

सगळं सुरळीत झालं नाही. जाता जाता काहींनी एक हातगाडी पेटवली. खैरनारांच्या मनगटावर वीट बसली, हाड मोडलं. सागरला मारणारे संध्याकाळी ताब्यात आले. सागर पुढे टाके घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती : पोलिसांनी सौम्य लाठीमार करून जमाव पांगवला. लाठी कोणीच उचलली नव्हती. मी खुलासा पाठवला नाही. रस्ता उघडला म्हणून दंगल टळली, याची बातमी होत नाही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये जमाव अडवायला शिकवतात. त्याला घरी कसं जाऊ द्यायचं, ते ड्युटीवर शिकावं लागतं.