गयाबाईंच्या म्हशीचं फॅट शून्य का छापलं?

मराठवाड्यात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, अवघड जागा आली की प्रोग्रामिंग भाषेची माहितीपानं नेमकी गप्प बसतात, हे आपलं सगळ्यांचं दुखणं आहे. आज मी एक पान बोलतं केलं!

सकाळी धारूरजवळच्या आमच्या दूध संस्थेत नवा कॉम्प्युटर लावला. पहिल्याच पावतीवर, दूध घालायला आलेल्या गयाबाईंच्या दुधाचं फॅट शून्य छापलं. रांगेतून एकजण म्हणाला, "मामी, पाणी घातलं व्हय?"

"घालायला पाणी हाय कुठं, मुडद्या? टँकर तरी फिरकलाय का गावात?"

सगळे हसले, पण गयाबाईंचे डोळे भरले. दुष्काळात कडब्यावर जगवलेल्या म्हशीवर आळ आला होता.

दुपारी चूक सापडली. पावती छापणारं सी भाषेतलं फंक्शन लिटर, फॅट, दर अशी कितीही मूल्यं घेतं. आपण ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिच्यातून ते कॉल करताना ठरलेली मूल्यं कोणती आणि जादा कोणती, हे सांगावं लागतं. आम्ही सांगितलं नव्हतं. जुन्या मशीननं ते चालवून घेतलं. नव्या मशीनवर जादा मूल्यांची जागाच वेगळी! फॅट ठेवलं एकीकडे, फंक्शननं शोधलं दुसरीकडे. माहितीपानांत याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून ते पान मीच मराठीत लिहिलं, उदाहरणात गयाबाईंचं फॅट घालून. संध्याकाळी त्यांनी चूक दुरुस्त करून छापलेली नवी पावती त्याच माणसापुढं धरली. "वाच, लई मोठ्यानं वाच!"

दूध एकत्र घालतो, तशी माहितीही घालू या. पान खाली जोडलंय. त्यातलं उदाहरण आजच तुमच्या मशीनवर चालवा आणि काय छापलं ते इथं लिहा.