पाळणाघराचं परदेशी ऑडिट

आमच्या चिखलीतल्या पाळणाघराला एका परदेशी सरकारचा पैसा येतो, हे मला सुरुवातीला खरंच वाटलं नव्हतं. महापालिकेला आमच्या गल्लीतलं तुंबलेलं गटार दिसत नाही आणि सातासमुद्रापलीकडच्या सरकारला आमची शेंबडी पोरं दिसली, यावर कोण विश्वास ठेवेल? पण पुण्यातल्या एका संस्थेमार्फत तो पैसा यायचा आणि त्यात जागेचं भाडं, पोरांचा वरणभात आणि माझा पगार भागायचा. चाकणच्या कंपन्यांत लाईनवर उभ्या राहणाऱ्या बायका पहिल्या शिफ्टला जाताना लेकरं माझ्याकडे सोडायच्या. सगळ्या बाहेरगावच्या, सासू गावाकडे, इथे हक्काचं माणूस नाही. मी स्वतः बीडकडून आलेली, त्यामुळे त्यांचं दुखणं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एक दिवस संस्थेच्या सरांचा फोन आला. त्या देशाच्या संसदेत कुणीतरी उठून विचारलं होतं, की आपल्या लोकांच्या कराचा पैसा मदत म्हणून बाहेर पाठवता, तो जातो कुठे? सरकारला आता जाब द्यायचा होता. म्हणून तिथल्या हिशेब तपासणाऱ्या कचेरीतली एक बाई ठिकठिकाणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. "तिला पटलं तर मदत चालू राहील. नाही पटलं तर कुलूप," सर म्हणाले.

मी हिशेबाची वही शोधायला लागले. आमचे हे मात्र खुलले. हे चाकणला एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत आणि ऑडिट म्हणजे यांची दिवाळी. "तू गप बस. ऑडिटचं माझ्यावर सोड," म्हणाले. घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणारा हा माणूस रजा टाकून पाळणाघरात शिस्त लावायला निघाला.

आधी कंपनीत असतात तसे फरशीवर चालायच्या रस्त्याचे पिवळे पट्टे मारले. मग लाकडी घोडा, पाण्याचा पिंप, शी-शूची भांडी अशा एकेका वस्तूभोवती रंगाने चौकोन आखून आत तिचं नाव लिहिलं. मोडक्या खेळण्यांसाठी लाल ट्रे आला, त्यावर पाटी: 'नाकारलेला माल'. दारात एक फळा लागला, 'अपघाताविना गेलेले दिवस'. मी म्हटलं, "अहो, इथे तासातासाला कुणीतरी आपटतंच. फळ्यावर काय कायमचं शून्य लिहून ठेवू?"

"तुला प्रोसेस कळत नाही," हे म्हणाले.

आणि आदल्या संध्याकाळी यांनी कळस चढवला. म्हणाले, उद्या पोरं इथे नकोत. "कंपनीत ऑडिटच्या दिवशी नवीन माणूस लाईनवर ठेवत नाहीत. कोण काय बोलून बसेल नेम नाही. शिवाय रंग ओला आहे." संस्थेच्या सरांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. या कारखान्यांच्या भागात राहिलं की ऑडिट म्हणजे आवरून दाखवायची गोष्ट, हे अंगातच भिनतं. चालवून दाखवायची असते, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग सकाळी पोरांची सगळी वरात वरच्या मजल्यावर घरमालकीण आक्कांकडे गेली. आक्का मूळच्या चिखलीच्या. शेतं गेली, इमारत आली, आणि हॉलमध्ये आला एक भलामोठा पांढरा सोफा, ज्याचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही. "दुपारपतुर सांभाळते, पर सोफ्याला हात लावला तर एकेकाला खाली टाकीन," असं बजावूनच त्यांनी पोरं आत घेतली.

पाहुणी सकाळी यायची होती, ती मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि उगवली ते जेवणवेळ टळून गेल्यावर. उंच, पिकल्या केसांची, इथेच कुठेतरी घेतलेला कुर्ता घातलेली बाई. बरोबर पुण्याची एक दुभाषी मुलगी. संस्थेचे सर सकाळपासूनच येऊन थांबले होते. बाई पिवळ्या पट्ट्यांमधून शहाण्यासारखी चालली. यांनी छाती फुगवून एकेक चौकोन दाखवला. तिने शी-शूची कोरी करकरीत भांडी वाकून बघितली, 'नाकारलेला माल' म्हणजे काय ते विचारून घेतलं, रंगाचा वास घेतला. मग दुभाषीमार्फत एकच प्रश्न विचारला.

"मुलं कुठे आहेत?"

"आज सुट्टी आहे," आमचे हे म्हणाले.

"सहलीला गेलीत," त्याच क्षणी सर म्हणाले.

"झोपलीत," मी म्हणाले.

दुभाषी मुलगी बिचारी. तिने तिन्ही उत्तरं इमानदारीत सांगून टाकली. बाईचा चेहरा मिटला. मला स्पष्ट दिसलं, की तिला जे शोधायला पाठवलं होतं ते तिला सापडलं: पैसा आहे, पाटी आहे, रंगरंगोटी आहे, पोर एकही नाही. असली ठिकाणं तिने आधीही बघितली असणार. आता या माणसाच्या पट्ट्यांपायी माझं पाळणाघर जाणार.

तेवढ्यात डोक्यावर धडाधड पावलं वाजली, काहीतरी फुटलं आणि जिन्यातून आक्का अवतरल्या. कडेवर एक रडकं, पदराला दुसरं लोंबकळतंय.

"अगं ए बाई, गेली का न्हाई तुजी ती पाहुणी? तुज्या पोरानं माज्या सोफ्यावर मुतलं की गं!"

पुढे लपवायला काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. हे पिवळ्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले. बाईने ऐकून घेतलं, हसली नाही, सरळ जिना चढून गेली.

वरचा हॉल म्हणजे रणांगण झालेला. भात सांडलेला, दोघंजण टीव्हीखाली घुसलेले, एक पोरगी आक्कांचं पितळी पातेलं डोक्यावर घालून फिरत होती. बाई फरशीवरच मांडी घालून बसली. माझ्याकडचं सगळ्यात किरकिरं पोरगं, जे मला स्वतःला तासभर झुलवतं, ते गेलं आणि तिच्या खांद्यावर तोंड टाकून झोपलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

आक्कांनी चहा दिला आणि दुभाषीला विचारलं, "हिला कुनी धाडलं म्हनायचं?"

"त्यांच्या देशातल्या लोकांनी. पैसा त्यांचा आहे, म्हणून."

"आन् ती लोकं इचारत्यात व्हय, पैसा कुठं ग्येला?" आक्का हबकल्या. "आमचा नगरसेवक पलीकडच्या आळीत ऱ्हातो. त्याला इचारायला ग्येलं तर फाटकातलं कुत्रं अंगावर येतं."

हे भाषांतर ऐकून बाई पहिल्यांदा हसली.

शिफ्ट सुटली होती. त्या किरकिऱ्या पोराची आई कंपनीचा करडा कोट अंगावर तसाच ठेवून, खाली पोरं दिसेनात म्हणून धापा टाकत वर आली. लेकरू परक्या बाईच्या खांद्यावर बघून क्षणभर थबकली, मग म्हणाली, "नवीन बाई ठेवली व्हय? बरं झालं. त्याला सर्दी हाय, पंख्याखाली नका निजवू म्हणावं."

बाईने दुभाषीला सांगून तिला विचारलं, की हे पाळणाघर नसतं तर तुम्ही काय केलं असतं?

पोराच्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. "बंद करायलेत का?"

"नाही, नाही, त्या फक्त माहिती घेतायत. ठरवणारे दुसरे आहेत," दुभाषी घाईघाईने म्हणाली.

"पण मंग इचारायलेत कशाला?" तिने लेकरू बाईच्या खांद्यावरून उचलून स्वतःच्या कडेवर घेतलं. ते झोपेतच आईला चिकटलं. "माझा एक खाडा झालाय आधीच. अजून एक झाला की सुपरवायझर गेटातून आत घेत नाही. आणि गावाकडं पाठवायला त्याचं वय हाय का?"

मलाही भीती वाटत होती, तिच्याइतकीच.

बाईने दुभाषीकडून ते शब्द न् शब्द समजून घेतलं. मग हळू आवाजात काही बोलली. दुभाषी म्हणाली, "त्या म्हणतात, हे बंद झालं तर तुम्ही काय करायचं, हा प्रश्न त्या परत गेल्यावर तिथे मांडतील. उत्तर मिळवतील."

पोराच्या आईने मान डोलावली, पदराने त्याचं नाक पुसलं आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाली, "मिळवा की. पण कंपनीची गाडी पहाटे सहाला येती. त्याच्या आत सांगा."