आरशापुढे कुलूपकाका

"हसत हसत केलेलं काम मी परत करून घेतो," असं काका एकदा सफाईवाल्याला म्हणाले होते. क्रीडागृहाच्या किल्ल्या बावीस वर्षं त्यांच्याकडे. तिथे सरावाला येणाऱ्या मुली त्यांना कुलूपकाका म्हणत. घरी बायको त्यांच्या चेहऱ्याला 'बंद दुकान' म्हणे. त्यांना दोन्हींचा राग नव्हता. रिकाम्या हॉलमध्ये स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकत फिरणं त्यांना आवडे. तो आवाज कुणाकडे काही मागत नसे.

चिअरलीडिंगच्या बारा मुलींनी त्यात बिब्बा घातला. सराव सहाला संपे, पण मग यांचे खेळ सुरू. हनुवटीखाली पॉमपॉमचे झुबके धरून शर्यती, किंचाळणं, फरशीभर त्यांतून गळलेल्या चमचमत्या पट्ट्या.

"उद्यापासून खेळ बंद," काकांनी कोचताईला सुनावलं.

"अर्धाच तास हो काका! एकमेकींच्या खांद्यावर चढायचं, तर आधी भीड चेपायला नको?"

"चेपा की. बाहेर."

"मग पैज. आमच्याशी आरसा खेळा. सरावाच्या गादीवर उभं राहायचं, तुम्ही कराल तेच आमची ही छोटी टाचणी करेल. हसलात, बोललात किंवा गादीवरून उतरलात की हरलात, रोज साडेसहापर्यंत हॉल आमचा. पाच मिनिटं टिकलात तर आम्ही सहाच्या ठोक्याला बाहेर."

न हसणं म्हणजे काकांच्या हातचा मळ. ते गादीवर जाऊन उभे राहिले.

टाचणी सगळ्यांत लहान, जेमतेम नऊ वर्षांची. तिने वाकुल्या दाखवल्याच नाहीत. हात मागे बांधले, हनुवटी उचलली, भुवया जुळवल्या. काकांनी कान खाजवला, तिनेही. त्यांनी घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकला. तिने तोच टाकला, तेवढाच लांब, तेवढाच वैतागलेला.

बावीस वर्षं आपण असे दिसतोय?

तोवर तिच्या मागे उरलेल्या अकराजणी ओळीत उभ्या राहिल्या होत्या. अकरा बंद दुकानं.

"काका, एकच मिनिट राहिलं," कोचताई म्हणाली.

काकांची मिशी थरथरली. टाचणीने शांतपणे वाकून फरशीवरची एक लाल पट्टी उचलली, नाकाखाली धरली आणि थरथरवली.

हसू आतून वर यायला लागलं. काकांनी ओठ घट्ट आवळले. डोळ्यांत पाणी आलं. मग ते वळले, गादीवरून खाली उतरले आणि दाराकडे चालू लागले. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. त्यांच्यामागून, हात पाठीशी बांधून, बाराजणी निघाल्या, त्यांचेही खांदे तसेच हलत होते. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. साडेसहापर्यंतचा हॉल मुलींवर सोडून ते बाहेर पडले.