बॅटरीचं पाणी आणि अम्मीचे तोडे

बाटलीतलं पाणी दुधासारखं होतं, किंचित हिरवट. त्यात चांदी किती आहे, एवढंच रशीदभाईंना हवं होतं.

पांढरकवड्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. लोक विहिरीचं, बोअरचं पाणी आणतात. फ्लोराइड किती, क्षार किती, ते आम्ही सांगतो. चांदी आजवर कुणी विचारली नव्हती.

रशीदभाईंचं हायवेवर ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, त्यांना बॅटरी जोडायची, की चांदीचं पाणी तयार. याला कोलॉयडल सिल्व्हर म्हणतात. कोलॉयड म्हणजे इतके बारीक कण, की ते विरघळतही नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत. त्यांच्या अम्मीच्या पायाला शुगरची जखम होती. चार दिवस त्या हे पाणी सकाळ-संध्याकाळ पीत होत्या.

"आणि ड्रेसिंग?" मी विचारलं.

"बंद केलं. कायले त्रास द्याचा, मॅडम? तिथं ते जखम खरवडतात. अम्मी वरडते. मी बाहीर उभा राह्यतो, मले सारं ऐकू येते."

आमच्याकडे चांदी मोजायची सोय नाही. तसं सांगून परत पाठवता आलं असतं. पण मग ते पाणी चालूच राहिलं असतं. शिवाय मलाही एक गोष्ट समजत नव्हती. चांदीचं कोलॉयड फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं, असं मी वाचलं होतं. हे पांढरं कसं?

माझ्या पर्समध्ये एक लेझर पॉइंटर असतो. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे, नकाशावर नद्या दाखवायला तो वापरायचे. गेल्या वर्षी हे गेले आणि पॉइंटर पर्समध्येच राहिला. कोलॉयडमधून प्रकाश गेला की त्याची रेघ दिसते. मी थोडं पाणी पातळ करून बीकरमध्ये घेतलं. सेल उतरले होते, तरी अंधूक लाल रेघ दिसली. रशीदभाई खूश झाले. थोड्या वेळानं बीकरच्या तळाशी साका बसला. कोलॉयड असा बसत नाही.

"पाणी कोणतं घेतलं होतं?"

"बोअरचं."

"दुकानात डिस्टिल्ड वॉटर असेल ना? ते का नाही घेतलं?"

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. "बॅटरीचं पाणी अम्मीले पाजू? तुमी बी कमाल करता, मॅडम."

बॅटरीत टाकायचं पाणी म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं, क्षार नसलेलं पाणी. ॲसिड वेगळं. पण दुकानात दोन्ही कॅन एकाच फळीवर असतात आणि रशीदभाईंच्या हिशेबी त्या फळीवरचं सगळंच विष. म्हणून त्यांनी पिण्याचं पाणी घेतलं. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं, मिठात असतं तेच. चांदीशी गाठ पडली की त्याचा पांढरा साका होतो. क्लोराइड मोजायला आम्ही रोज हीच गोष्ट मुद्दाम घडवतो.

हा साका अमोनियात विरघळतो आणि पाणी स्वच्छ होतं. खात्री करायला मी अमोनियाचे काही थेंब टाकले. पाणी स्वच्छ झालं, पण निळं. कपड्याच्या निळीसारखं निळं. हा तांब्याचा रंग.

"तार कुठली होती?"

"तार नोती. अम्मीचे तोडे लावले. अब्बानं लग्नात देल्ले होते." ते बीकरकडे बघत राहिले. बॅटरीच्या टर्मिनलवर चढणारा हिरवा-निळा थर पुसण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मला काही सांगावं लागलं नाही. "तांबं हाये न हे?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "अम्मीले नका सांगू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. अम्मी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मी तोड्यांचं नाव काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. चांदी शंभर नंबरी असती तरी तेच सांगायचं होतं: ती पिऊन जखम भरत नाही, फार दिवस प्यायली तर कातडी निळसर राखाडी होते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ड्रेसिंगला पर्याय नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रशीदभाईंना दूध आणायला पाठवलं आणि मग म्हणाल्या, "तोडे चांदीचे नाहीत, हे नाही सांगतलं तुमी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्याच साली सोनारानं सांगतलं होतं, वरून चांदीचा मुलामा अन् अंदर तांबं. मी त्याच्या अब्बाले कधी बोलली नाही."

"मग पाणी का प्यायलात, मावशी?"

"पोरगा एवढ्या जिवानं बनवून राह्यला होता. अन् ड्रेसिंगले गेली का तो बाहीर रडते. त्याले वाटते, मले ऐकू नाही येत."

मी त्यांना एवढंच सुचवलं, की ड्रेसिंगला सोबत दुसऱ्या कुणाला न्या. आता सून जाते. रशीदभाई तेवढा वेळ दुकानात बसतात. करंगळी काढावी लागली. पाऊल वाचलं.

रिपोर्टवर मी 'पिण्यास अयोग्य' एवढंच लिहिलं. तो न्यायला आले तेव्हा रशीदभाईंनी न विचारताच पॉइंटरचे सेल बदलून दिले. यांनी घातलेले जुने सेल मी मागून घेतले.

आमच्या फॉर्मवर पाणी कुठलं आहे, याचा रकाना आहे. ते कोण पितं, याचा नाही. ते मी आता आधी विचारते आणि समासात लिहून ठेवते.